जॅक इंडियानापोलिसला का गेला? पायरेट्सच्या खालच्या संघांबद्दल विचारायचं आहे

द्राक्षवेल | 6 डिसेंबर 2025

नमस्कार मंडळी. मी मूळची निफाडची. अडीच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे पिट्सबर्गजवळ मनरोव्हिलला आले. मला बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण प्रश्न लेकाचा आहे म्हणून इथे लिहिते आहे.

तो नऊ वर्षांचा आहे. आम्ही 2023 च्या उन्हाळ्यात आलो तेव्हा त्याला इथे एकही मित्र नव्हता. शेजारचे आजोबा त्याला पीएनसी पार्क मैदानावर पायरेट्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाची, मॅच बघायला घेऊन गेले. त्या संध्याकाळी जॅक सुविन्स्कीने होमरन मारला, आपल्या षटकारासारखा. आजोबांनी त्याला खांद्यावर घेतलं, अनोळखी माणसांनी त्याच्या हातावर टाळ्या दिल्या. घरी आला तो जॅकचा होऊनच. त्या वर्षी जॅकने 26 होमरन मारले, ते सगळे याने एका वहीत लिहून ठेवलेत.

पुढच्या वर्षी जॅकला इंडियानापोलिसला, पायरेट्सच्या खालच्या संघात पाठवलं. मग परत आणलं. 2025 मध्ये पुन्हा तेच. लेकाने मला विचारलं, "आई, त्याने काय वाईट केलं?" मला उत्तर देता आलं नाही. टीव्हीवर नुसतं "ऑप्शन्ड" असं म्हणतात. हे नक्की काय असतं? हे खालचे संघ कोणाचे असतात? पुढच्या उन्हाळ्यात एखाद-दुसरी चक्कर मारायची तर कुठे जावं?

आणि एक मनातलं. हा संघ 2025 मध्ये 71 जिंकला आणि 91 हरला. पॉल स्कीन्ससारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असून ही गत. सप्टेंबरात लेक दोनदा रडून झोपला. हरणाऱ्या संघात पोराला एवढं गुंतू द्यावं का, हे मला खरंच कळत नाही.

---

कर्जतकर | 6 डिसेंबर 2025

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी 2004 पासून पिट्सबर्गला आहे. आधी जॅकचं सांगतो, कारण तुमचा लेक वाट बघत असेल.

त्याला सांगा, जॅकने काहीही वाईट केलेलं नाही. वरच्या संघात एका वेळी 26 जण असतात. त्याहून मोठी यादी 40 जणांची. त्या चाळीसांतल्या खेळाडूला तीन हंगाम असे मिळतात की संघ त्याला इतर कोणाच्या हाती न देता खाली पाठवू शकतो आणि परत वर आणू शकतो. त्यालाच ऑप्शन म्हणतात. बॅट लागेनाशी झाली, की रोज चार वेळा बॅटिंगला उभं राहून हात बसवायला खाली जावं लागतं. वर बाकावर बसून हात बसत नाही. एकदा खाली गेला की बॅटरला साधारण दहा दिवस आणि पिचरला पंधरा दिवस तिथे काढावेच लागतात, मधे कोणी जखमी झालं तरच लवकर बोलावता येतं.

तुम्ही निफाडच्या, म्हणून कांद्याच्या भाषेत सांगतो. रोप टाकतात एका वाफ्यात, दीड-दोन महिन्यांनी उपटून दुसऱ्या वावरात लावतात. थेट बी पेरून सगळं शेत उभं करत नाहीत. पायरेट्सचे वाफे असे: सगळ्यात खाली डॉमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी आणि फ्लोरिडातला नवख्यांचा संघ. मग फ्लोरिडातच ब्रेडेंटन मरॉडर्स, तो सिंगल-ए या पातळीचा. त्यावर नॉर्थ कॅरोलिनातला ग्रीन्सबरो ग्रासहॉपर्स, हाय-ए. मग डबल-ए म्हणजे आपल्याच पेनसिल्व्हेनियातला अल्टूना कर्व्ह. आणि सगळ्यात वर, पिट्सबर्गच्या एक पायरी खाली, इंडियानापोलिस इंडियन्स, ट्रिपल-ए. खेळाडू आणि प्रशिक्षक पायरेट्सचे, त्यांचा पगार पायरेट्स देतात. मैदान, तिकीट, खाणं-पिणं, गावातली सगळी उठाठेव मात्र, ब्रेडेंटन सोडलं तर, वेगळ्या मालकाची. रणजीशी तुलना करू नका. रणजी संघ त्या त्या राज्याच्या संघटनेचा असतो, स्वतःसाठी जिंकायला खेळतो. इथे अल्टूनाचा संघ पहिल्या क्रमांकावर असला तरी त्याचा सगळ्यात चांगला पिचर उद्या सकाळी वर उचलून नेतात आणि गावातले लोक टाळ्या वाजवून त्याला निरोप देतात. मला सुरुवातीला हे फार विचित्र वाटायचं.

ही पद्धत रुजवली ब्रँच रिकी नावाच्या माणसाने, 1920 च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी. पैसेवाले संघ तयार खेळाडू विकत घ्यायचे, सेंट लुईसला ते परवडत नव्हतं, म्हणून त्याने खालचे संघच ताब्यात घेतले आणि पोरं स्वतः वाढवली. पुढे हाच रिकी 1950 ते 1955 पिट्सबर्गला होता. तुमच्या लेकाला रॉबर्टो क्लेमेंटेचा पूल माहीत असेल, सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद करतात आणि आपण चालत जातो. तो क्लेमेंटे मुळात पायरेट्सचा नव्हताच. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला करारबद्ध करून मॉन्ट्रियलच्या त्यांच्या खालच्या संघात ठेवलं आणि फारसं खेळवलं नाही. नियम असा की खाली अडवून ठेवलेला खेळाडू दुसरा संघ ठरावीक रक्कम देऊन उचलू शकतो. पायरेट्स 1954 मध्ये शेवटचे आले होते, म्हणून पहिली निवड त्यांची. त्या नोव्हेंबरात 4,000 डॉलरला त्यांनी क्लेमेंटेला उचललं. पुढे त्याने पिट्सबर्गसाठी बरोबर 3,000 हिट्स केले. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. पीएनसी पार्कच्या उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवर 21 आकडा होता. लेकाला पुढच्या वेळी दाखवा.

आता कुठे जावं, तर अल्टूना. डोळे मिटून अल्टूना. तुमच्या घरापासून रूट 22 धरून दोन तासांच्या आत. इथे मी जरा लांबण लावणार आहे, वाचून घ्या.

माझे वडील रेल्वेत होते, कर्जतला बँकर इंजिनावर ड्रायव्हर. बोरघाट चढायला गाडीच्या मागून ही इंजिनं ढकलतात. लोणावळ्याला सुटतात आणि पुन्हा खाली कर्जतला येतात, पुढची गाडी ढकलायला. 2007 च्या जुलैत वडील माझ्याकडे आले. त्यांना न्यूयॉर्क दाखवलं, नायगारा दाखवला, पेन हिल्सच्या बालाजी मंदिरात नेलं. ते सगळीकडे गप्पच. मग कोणीतरी सांगितलं की अल्टूनाजवळ हॉर्सशू कर्व्ह आहे. 1854 मध्ये अॅलेघेनी डोंगर चढवण्यासाठी रेल्वेने घोड्याच्या नालेसारखा वळसा काढला, तो. आम्ही गेलो. अर्ध्या तासात एक मालगाडी आली, लांबच लांब, आणि तिच्या शेपटाला दोन इंजिनं लावलेली. वडील उभेच राहिले. म्हणाले, "अरे, इथे पण बँकर आहे." त्या दिवसभरात त्यांनी अकरा गाड्या मोजल्या आणि प्रत्येकीला हात केला. एका ड्रायव्हरने उलट हॉर्न दिला तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

अल्टूनाच्या संघाचं नाव कर्व्ह आहे ते या वळणावरून, आणि पिचरच्या कर्व्ह, म्हणजे वळणाऱ्या, चेंडूवरूनही. संध्याकाळी वेळ होता म्हणून मैदानावर गेलो. उजव्या आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या बॅटरपासून लांबच्या भागाच्या, भिंतीमागे लेकमाँट पार्कचा लाकडी रोलर कोस्टर दिसतो. वडिलांना खेळ कळत नव्हता. पण एक वीस वर्षांचा सडपातळ पोरगा सेंटरफिल्डला, आउटफिल्डच्या मधल्या जागी, धावत होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पोरगा इथे राहणार नाही." तो अँड्र्यू मॅककचन होता, पुढे पायरेट्सचा सगळ्यात लाडका खेळाडू झाला तो.

तर तुमचा शेवटचा प्रश्न. पायरेट्स 1993 पासून 2012 पर्यंत सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा जास्त हरले. त्यातले नऊ मी इथे राहून पाहिले. निकालाकडे बघत बसलो असतो तर कधीच सोडून दिलं असतं. पण 2007 पासून मी दर उन्हाळ्यात सात-आठ वेळा अल्टूनाला जातो. पोरं तिथे येतात, कोणाचा हात बसतो, कोणाचा नाही. मॅककचन जून 2009 मध्ये वर आला. 1 ऑक्टोबर 2013 ला, एकवीस वर्षांनी पिट्सबर्गमध्ये बाद फेरीचा सामना होता. सगळं मैदान काळ्या कपड्यांत. सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाचा चाळीस हजार लोक मिळून गजर करत होते, त्याच्या हातातून चेंडू निसटला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. माझ्या शेजारचा माणूस रडत होता. मीही रडत होतो, पण मी सेंटरफिल्डला उभ्या मॅककचनकडे बघत होतो. वडील तोपर्यंत गेले होते.

गुंतू द्या ताई पोराला. फक्त त्याला अल्टूनाला नेऊन आणा, म्हणजे त्याची वही एका माणसाच्या होमरनपुरती राहणार नाही. जॅकचं एक राहिलंच. सॅन डिएगोशी अदलाबदल झाली तेव्हा, 2021 च्या उन्हाळ्यात, तो अल्टूनालाच आला होता. मी पाहिलाय त्याला तिथे. एप्रिल 2022 मध्ये तो इंडियानापोलिसला न थांबता थेट अल्टूनाहून पिट्सबर्गला गेला. म्हणजे ती एक पायरी त्याने आधी गाळली होती, ती नंतर चढावी लागली. हे लेकाला असंच सांगा.

---

इंडीवासी | 7 डिसेंबर 2025

कर्जतकरकाकांनी अल्टूनाची एवढी बाजू घेतली, तर आमच्या इंडियानापोलिसची मला घ्यायलाच हवी. मी डाउनटाउनपासून पंधरा मिनिटांवर राहते, दोन मुली आहेत.

इथला संघ 1902 पासूनचा आहे आणि त्याचे शेअर कित्येक सामान्य लोकांनी विकत घेतले होते. 2005 पासून तो पायरेट्सशी जोडलेला. व्हिक्टरी फील्डच्या आउटफिल्डमागे हिरवळीचा उतार आहे, तिथलं तिकीट घेऊन आम्ही सतरंजी टाकून बसतो, डब्यात ठेपले. मुलं चेंडू यायची वाट बघत उतारावर लोळत असतात.

ट्रिपल-एची मजा अशी की इथे दोन प्रकारचे खेळाडू एकत्र दिसतात: उद्या वर जाणारे आणि काल खाली आलेले. 2024 च्या एप्रिलमध्ये पॉल स्कीन्स इथे होता. त्याला जपून वापरत होते, तीन-साडेतीन डाव झाले की बाहेर. ताशी शंभर मैलांचा चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसतो तो आवाज हिरवळीपर्यंत येतो. माझी धाकटी कान झाकून घ्यायची. 11 मे ला तो पिट्सबर्गला पहिला सामना खेळला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि आता सर्वोत्तम पिचरचा 2025 चा साय यंग पुरस्कारही त्यालाच मिळाला. दहा जिंकले, दहा हरले, तरी नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी 1.97, ही जितकी कमी तितकी चांगली. द्राक्षवेलताई, संघ हरतो म्हणून लेक रडतो ना, त्याला हा आकडा सांगा. हरणाऱ्या संघातसुद्धा एक माणूस आपलं काम असं करू शकतो.

आणखी एक, नवे नियम आधी खालच्या संघांत करून बघतात. पंचाने चेंडूला स्ट्राइक, म्हणजे मारता येण्याजोगा, म्हटलं आणि बॅटरला पटलं नाही की तो हेल्मेटवर थाप मारतो, आणि मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग दिसतो. सगळं मैदान श्वास रोखून बघतं. आम्ही हे इथे केव्हापासून बघतोय, वरच्या लीगमध्ये त्याची सुरुवात 2026 पासून. तुमच्याकडून इथे यायला सहा तास लागतील. आलात तर मुक्कामाला आमच्याकडे या, संकोच करू नका.

---

द्राक्षवेल | 8 डिसेंबर 2025

काका, तुमचं सगळं मी लेकाला मोठ्याने वाचून दाखवलं. कांद्याच्या रोपाचं त्याला लगेच कळलं, तो मामाच्या वावरात रोप लावायला बसलेला आहे. जॅकने एक पायरी गाळली होती हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे शिक्षा नाही." त्या रात्री शांत झोपला. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू.

पण त्याने आता नवीन प्रश्न काढलाय आणि तो मला टाळता येत नाही. जे कधीच वर जात नाहीत, त्यांचं काय होतं?

---

कर्जतकर | 8 डिसेंबर 2025

नऊ वर्षांच्या पोराला हे सुचलं, कमाल आहे. खरं ते सांगतो. बहुतेक जण वर जात नाहीत. तीस संघ, प्रत्येकाचे चार वेगवेगळ्या गावांतले संघ, म्हणजे एकशेवीस. 2021 च्या फेररचनेत चाळीसहून जास्त गावांचे संघ कमी केले, तरी एवढे उरले. वर जागा किती, हिशेब तोच करेल.

पैशाचंही सांगा, लहान आहे म्हणून लपवू नका. 2022 मध्ये खालचे खेळाडू खेळाडूंच्या कामगार संघटनेत आले आणि 2023 मध्ये त्यांचा पहिला करार झाला. त्या कराराने ट्रिपल-एला वर्षाला किमान 35,800 डॉलर आणि डबल-एला 30,250 ठरले. त्याआधी याच्या निम्म्याहून कमी मिळायचे, एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून झोपायचे. वर 2025 मध्ये किमान पगार 7,60,000 डॉलर होता. एका पायरीत एवढा फरक.

अल्टूनाला एक कॅचर होता. नाव सांगत नाही, तो आता शाळेत शिकवतो आणि त्याला उगाच कोणी शोधत जाऊ नये. तीन हंगाम मी त्याला पाहिला. बॅटिंग बेताची. पण डबल-एवरून ट्रिपल-एला जेवढे पिचर त्या वर्षांत गेले, ते सगळे त्याच्या हाताखालून गेले. सामन्यानंतर कुंपणाशी पोरं सह्या मागायला जमायची, ती सगळी त्या पिचरांकडे धावायची. एकदा माझ्या मुलीने मुद्दाम त्याच्याकडे चेंडू धरला. त्याने सही केली आणि तिला विचारलं, तू कुठल्या जागी खेळतेस? ती म्हणाली कॅचर. तो गुडघ्यावर बसला आणि ग्लोव्ह कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा, हे त्याने तिला पाच मिनिटं दाखवलं. मागे बसवाले हॉर्न देत होते.

घरी येताना मला सारखे वडील आठवत होते. लोणावळ्याला इंजिन सुटल्यावर ते परत खाली यायचे तेव्हा त्यांना कोणी हात करायचं नाही. म्हणून मी आता अल्टूनाला गेलो की पाठीमागे उभ्या असलेल्या पोरांची नावं आधी पाठ करतो.

---

पेठेतला | 9 डिसेंबर 2025

पुण्याहून वाचतोय. बेसबॉल मी पाहिलेला नाही. पण ती भालाफेक करणारी दोन उत्तर प्रदेशची मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, तीही याच संघात होती ना?

---

कर्जतकर | 9 डिसेंबर 2025

हो, याच. 2008 मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, त्यातून निवडलेली ही दोघं. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सने करार केला आणि 2009 मध्ये ती ब्रेडेंटनला, अगदी तळाच्या संघात खेळली. त्या जुलैत रिंकूने सामना जिंकला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा विजय नावावर असलेला पहिला भारतीय तो. दिनेश लवकर परतला. रिंकू 2011 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनच्या संघापर्यंत पोचला, मग दुखापतींनी अडवलं. तो डावखुरा. आम्ही चार मराठी कुटुंबं दोन गाड्या करून चार्ल्सटनला गेलो होतो. त्या दिवशी त्याला चेंडू टाकायला बोलावलंच नाही. पण बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथे, बसलेला दिसला, आणि आम्ही "रिंकू" म्हणून ओरडलो तेव्हा त्याने टोपी काढली.

द्राक्षवेलताई, लेकासाठी एक नाव देऊन ठेवतो: कॉनर ग्रिफिन. 2024 च्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत नववा निवडला होता, शाळेतून थेट. 2025 मध्ये एकाच हंगामात ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो आणि शेवटी अल्टूना. एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. ऑगस्टअखेर मी त्याला दोनदा पाहिला. वहीत नवीन पान काढायला सांगा. आणि मायनर लीगचं अॅप फोनवर घ्या, बहुतेक संघांचं रेडिओ समालोचन त्यावर फुकट आहे. रात्री झोपताना ऐकू द्या.

---

द्राक्षवेल | 11 डिसेंबर 2025

पान काढलं. ग्रिफिनचं एक, आणि शेजारी एक कोरं. ते कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कॅचरसाठी, अल्टूनाला गेल्यावर नाव लिहीन." भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावलाय, त्यावर पाच टिकल्या चिकटवल्यात, माझ्याच डबीतल्या.

काका, मे महिन्यातला एखादा शनिवार आम्हाला चालेल. तुम्ही त्या दिवशी असाल तर आधी हॉर्सशू कर्व्हला जाऊ, मग मॅचला. गाड्या मोजायला तो दुसरी वही आणणार आहे. डबा मी करते, तुम्ही काही आणू नका.